पस्तीसला पास

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या जलद लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाशी देव आहे की नाही यावर वाद घालू नये. तो माणूस त्या वेळी निव्वळ श्रद्धेवर बसलेला असतो. तिघांच्या बाकावर चौथ्यालाही जागा असते असं त्याने मानलेलं असतं, आधीच्या तिघांनीही कुरकुरत का होईना ते मान्य केलेलं असतं, आणि एवढ्या आधारावर त्याचा निम्मा देह अंधेरीपर्यंत अधांतरी जातो. भूमितीने हे सिद्ध होत नाही. अशाला ‘पुरावा काय?’ म्हणून विचारलं, तर तो एवढंच म्हणतो, ‘जरा आत सरका.’

तरीही उपनगरांत हा वाद बारा महिने चालतो. नॅशनल पार्कात पहाटे फिरणारी मंडळी तो दम लागेपर्यंत घालतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामाचा ठराव बाजूला पडून तो निघतो. फ्लॅट दक्षिणमुखी असला तर काय होतं, गुरुवारी केस कापले तर काय होतं, मांजर आडवं गेलं आणि त्याच वेळी गाडीही चुकली तर दोष मांजराचा की मध्य रेल्वेचा, यांतला कुठलाही विषय पुरतो. या वादात कुणी हरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कुणाचं मत बदलल्याचं तर त्याहून नाही.

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत या वादाचं कायमचं केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे सर राहतात. घाटकोपरच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं. तिथेच काकूही राहतात. त्यांनी उभी हयात सरांचं ऐकून घेतलं. दोघांचं लग्न पत्रिका पाहून झालेलं, छत्तीसपैकी एकतीस गुण जमवून. ‘एकतीस गुण जुळूनही आमचं एका गोष्टीत पटत नाही, यातच पत्रिका खोटी ठरली,’ असं सर म्हणतात. काकू म्हणतात, ‘अहो, पाच गुण कमी होते ना, तेच हे.’

या घरातली सर्वांत गाजलेली लढाई २१ सप्टेंबर १९९५ ची. गुरुवार होता. गणपती बुडवून दोन आठवडे होत आलेले, पितृपंधरवडा चालू, म्हणजे घास घेऊन कावळ्याकडे डोळे लावून बसायचे दिवस. आणि दिल्लीहून बातमी आली की गणपती दूध पितोय. देशात मोबाइल येऊन दोन महिनेही झाले नव्हते, व्हॉट्सॲपचा तर पत्ताच नव्हता. तरी बातमी सकाळच्या दुसऱ्या चहाआधी मुलुंडला पोचली आणि संध्याकाळपर्यंत लंडनच्या देवळांतही रांगा लागल्या. आमच्याकडे आरेच्या केंद्रावरचं दूध संपलं आणि ज्यांच्या घरी तान्ही मुलं होती त्यांनी चमच्याकडे पाहून हात जोडले. ते वर्षच तसलं होतं. मार्चमध्ये अंधेरीच्या लोखंडवालात डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला होता. विनोद न सांगता हसायचं उपनगर शिकलं होतंच. आता कारण न विचारता दूध पाजायचं, इतकंच.

सर शाळेतून धावत घरी आले. काकू देव्हाऱ्यासमोर चमचा धरून बसल्या होत्या. सरांनी फळा नसल्याने फ्रिजच्या दारावर बोटानेच आकृती काढली. चमचा किंचित तिरका धरला की दुधाचा फुगीर पृष्ठभाग सोंडेला टेकतो. पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून इतक्या पातळ थराने खाली उतरतं की डोळ्यांना दिसत नाही. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी देवळात जाऊन दुधात रंग मिसळला, तेव्हा तो ओघळ सगळ्यांना दिसला.

‘म्हणजे दूध जातं हे खरं ना?’ काकूंनी विचारलं.

‘जातं, पण पोटात नाही जात.’

‘तुमच्याही चहाबद्दल डॉक्टर तेच म्हणतात.’

मग सरांनी प्रयोग केला. टेलिफोनशेजारच्या पितळी कासवाला चमचा लावला. कासवाने दूध घेतलं. सरांनी विजयी मुद्रेने वळून पाहिलं, तर काकू कासवाला नमस्कार करत होत्या. कूर्मावतार! सरांनी घाईघाईने पाट्यावरचा वरवंटा उभा केला. तोही प्यायला, तो तर उभा केल्यावर शंकराचीच पिंड दिसत होता. शेवटचा उपाय म्हणून सरांनी कपाटातली इस्त्री काढली. इस्त्रीच्या टोकानेही दूध ओढलं. काकू म्हणाल्या, ‘दसऱ्याला हिला हळदकुंकू वाहतोच की आपण.’

त्या दिवशी सरांना जे कळलं ते मला फार मोलाचं वाटतं. आमच्याकडे विरुद्ध उदाहरण द्यायला वस्तूच शिल्लक नाही. वड, नाग, गाय, तुळस, वही, तराजू, स्कूटर, सगळ्यांची वर्षातून एकदा तरी पूजा होते. ज्या घरात इस्त्रीलाही देवपण आहे तिथे ‘इस्त्रीदेखील दूध पिते’ हे वाक्य खंडन म्हणून टाकायचं आणि ते भजन म्हणून ऐकलं जायचं.

पुढे द्रवपदार्थांनी हा कार्यक्रम सर्वधर्मसमभावाने चालू ठेवला. १८ ऑगस्ट २००६ च्या संध्याकाळी माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची हाक उठली. जवळच मखदूम बाबांचा दर्गा असल्याने ही त्यांचीच कृपा, असं ठरलं. मिठी नदी उपनगरांतला पाऊस, आणि पावसाबरोबर बाकीचं जे काही असेल ते, त्याच खाडीत आणून सोडते; महापालिका ‘पिऊ नका’ म्हणून सांगत होती; तरी हजारोंनी बाटल्या भरल्या, कित्येक जण तिथेच ओंजळीने पाणी प्यायले. त्या गर्दीत सगळ्या धर्मांचे लोक होते. चारसहा वर्षांच्या शांतता समित्यांना जे साधलं नाही ते एका गढूळ भरतीने साधलं. दोनतीन दिवसांतच गणपतीने पुन्हा दूध प्यायला सुरुवात केली.

मग आला मार्च २०१२. अंधेरी आणि पार्ल्याच्या मधलं इर्ला. तिथल्या वेलंकनी माउलीच्या चर्चपाशी क्रूसावरल्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. श्रद्धाळू ते बाटल्यांत भरून नेऊ लागले. एका वाहिनीने बुद्धिवादी सनल एडमरुकू यांना तिथे नेलं. त्यांनी क्रूस पाहिला, भिंत पाहिली आणि जवळचं गटार पाहिलं. स्वच्छतागृहाचं पाणी तुंबून भिंतीत मुरलं होतं, आणि केशाकर्षणाने वर चढत पायांशी बाहेर पडत होतं.

आता खरं म्हणजे हे सांगायला बाहेरून कुणी यायला नको होतं. गळतीच्या बाबतीत मुंबई उपनगरातल्या माणसाइतका संशयी प्राणी जगात नाही. छताला ओला डाग दिसला की आम्ही देवाचं नाव घेत नाही, वरच्या मजल्यावरच्याचं घेतो. तो शपथेवर सांगतो, ‘आमचं बाथरूम कोरडं आहे.’ आम्ही विश्वास ठेवत नाही. तो वॉटरप्रूफिंगची पावती दाखवतो. आम्ही विश्वास ठेवत नाही. शेवटी प्लंबर येऊन वरच्या मोरीत रंगीत पाणी सोडतो, म्हणजे दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधाचं जे केलं नेमकं तेच करतो, आणि तासाभराने आमच्या छतातून लाल थेंब पडतो. वरचा खाली येतो, थेंब निरखून पाहतो आणि म्हणतो, ‘हा लाल आमचा नाही.’

माणूस एकच असतो, हेच खरं. खालच्या मजल्यावर राहिला की तो न्यूटन होतो आणि वरच्या मजल्यावर राहिला की भक्त. तर्क वापरता येत नाही असं नाही. तो कुणाच्या बाथरूमवर वापरायचा एवढाच प्रश्न असतो.

गळतीचं मूळ सापडलं की वरच्याने खर्च द्यावा, अशी आमच्याकडे रीत. इर्ल्यात मूळ शोधणाऱ्यालाच ते महागात पडलं. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि अटकेच्या भीतीने एडमरुकू त्याच वर्षी फिनलंडला गेले. पुढच्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. या विषयावर सर बोलत नाहीत, आणि काकूही त्यांना कधी डिवचत नाहीत. युक्तिवादाने मन बदलत नाही यात गंमत आहे. युक्तिवाद करणाऱ्यालाच संपवण्यात कसलीही गंमत नाही.

दाभोलकरांचा विषय निघाला की सर आठवण काढतात ती दुसरीच. दाभोलकरांनी आणि जयंत नारळीकरांनी मिळून फलज्योतिषाची परीक्षा घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्या सरमिसळ करून प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस दिल्या आणि एवढंच विचारलं की कुठली कुणाची ते सांगा. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

सरांनी हा निकाल काकूंना वाचून दाखवला. काकू दरवर्षी पाडव्यानंतर भांडुपच्या एका ज्योतिष्याकडे वर्षफल ऐकायला जायच्या. सर म्हणाले, ‘बघ, शेहेचाळीस टक्के!’

काकू म्हणाल्या, ‘पास झाले की! तुम्ही जन्मभर पस्तीसला पास करत आलात.’

यावर सरांनी नाणेफेकीचा नियम, संभाव्यता, शून्य परिकल्पना हे सगळं समजावून सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं आणि एप्रिलमध्ये भांडुपला गेल्या. सरांनी पुन्हा समजावलं. पुढच्या एप्रिलमध्ये काकू पुन्हा गेल्या. असं वर्षानुवर्षं चाललं. कधीकधी मला वाटतं, या घरात खरे श्रद्धाळू सरच. काकूंच्या देवाने निदान एकदा मुलाला पहिल्याच प्रयत्नात नोकरी लावली, एकदा हरवलेली पाटली पिठाच्या डब्यात शोधून दिली. सरांच्या युक्तिवादाने आजवर एकही नवस पुरा केलेला नाही. तरी रोज संध्याकाळी दिवेलागणीला सर तो न चुकता करतात.

आता कुणी म्हणेल की श्रद्धा कधी बदलतच नाही. तसं अजिबात नाही. बोरिवली पश्चिमेला मंडपेश्वरची लेणी आहेत. आठव्या शतकाच्या सुमाराला शंकरासाठी कोरलेली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांनी तिथे प्रार्थनाघर केलं, वर चर्च बांधलं, कातळात क्रूस कोरला. नंतर पोर्तुगीज गेले, चर्च पडलं आणि आज तिथे महाशिवरात्रीला रांग लागते. डोंगराने या सगळ्या काळात एकही युक्तिवाद ऐकला नाही. भाडेकरू बदलत गेले, इतकंच.

घरांचंही तसंच. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढलं. त्यांच्या युक्तिवादाला उत्तर नव्हतं, म्हणून पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. सोवळं काही सुटलं नाही. ते सुटलं गिरगाव-दादरच्या चाळी सोडून लोक मुलुंड-बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये आले तेव्हा. बाईने महिन्याचे चार दिवस बाजूला बसावं, तर बसायला बाजूच नव्हती. ओलेत्याने नैवेद्य रांधावा, तर आठ बाराची सुटत होती. कुठलाही शास्त्रार्थ झाला नाही, कुणी पराभव मान्य केला नाही. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, ‘राहू दे गं, देवाला कळतं.’ जातीचंही कित्येक घरांत असंच झालं. मुलगी येऊन म्हणाली, ‘आई, मुलगा आपल्यातला नाही, आणि आम्ही ठाण्याला फ्लॅट बुक केलाय.’ पिढ्यान्‌पिढ्यांचा आग्रह स्टॅम्प ड्यूटीच्या पावतीपुढे संध्याकाळपर्यंत निवळला. तर्क नंतर आला, रीतसर, आणि ‘माणूस महत्त्वाचा’ असं म्हणून पेढे खाऊन गेला.

अंधेरीच्या राजाची गोष्टही पाहण्याजोगी. वीरा देसाई रोडजवळच्या आझादनगरात हा गणपती १९६६ पासून बसतो, आणि तो बसवणारे मुळात आसपासच्या कारखान्यांतले कामगार. सत्तरच्या दशकात कंपनीशी तंटा चिघळला तेव्हा त्यांनी नवस केला: आमचं गाऱ्हाणं मिटू दे, विसर्जन अनंत चतुर्दशीला न करता संकष्टीला करू. तंटा मिटला. आजही अंधेरीचा राजा सगळ्या मुंबईचे गणपती गेल्यावर संकष्टीला निघतो. यात मागण्यांचं एक पत्र व्यवस्थापनाला गेलं होतं आणि एक गणपतीला. मंजुरी नेमकी कुणी दिली याची चौकशी दोन्ही पक्षांनी केली नाही. उत्तम वाटाघाटी अशाच मिटतात.

मग युक्तिवादाने काहीच होत नाही का? होतं. पण तो कोण कुणाशी करतं यावर सगळं अवलंबून असतं. ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी साहेबाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांनी तो वाचला, स्वतःशी झगडले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लांबच्या गाडीला हे जमतं. मुलुंड ते घाटकोपर या अंतरात पुस्तक उघडायला हात वर निघत नाही. पण खरी कथा पुढेच आहे. टिळक कवी, वक्ते, वादपटू. घरात श्रोता एकच, पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचं मन काही वळेना. वर्षं गेली. आणि मग एके दिवशी, टिळक समोर नसताना, बाईंनी एकटीने बसून स्वतःलाच विचारलं की जाती देवाने केल्या की माणसाने. उत्तर आलं आणि सोवळंओवळं तिथेच गळून पडलं. बाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटतं, टिळक निम्मं कमी बोलले असते तर हे दोन वर्षं आधी झालं असतं.

गाडगेबाबांना हे पक्कं ठाऊक होतं. ते कीर्तनात सांगत कमी आणि विचारत जास्त. साधे प्रश्न, आणि उत्तर समोरच्या गर्दीनेच द्यायचं. बोकड कापणाऱ्याच्या तोंडूनच बोकड का कापू नये ते वदवून घ्यायचं, लोक हसत असतानाच. त्यांचं शेवटचं कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं असं म्हणतात. प्रश्न विचारून उत्तर काढून घ्यायची त्या वास्तूला सवय होती. लोक खुशीने उत्तरं देताहेत हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिलं असेल. आणि एवढी उलटतपासणी करून बाबा पुन्हा ‘गोपाला गोपाला’ म्हणायचे ते म्हणायचेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं त्या काळातला सर्वांत तल्लख वकील स्वतःपुढेच बाजू मांडत होता, धर्मामागून धर्म वाचत होता. तर्काने धर्म बदलतो याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्रात नाही. त्यातल्या एकवीस वर्षांकडे मात्र वाद घालणारे काणाडोळा करतात. आमच्या सोसायटीच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांना पंधरा मिनिटं असतात आणि त्यातली दहा पार्किंगवर जातात.

राहता राहिले आमचे सर. गेल्या वर्षी पाडवा झाला, एप्रिल सरला, मे गेला, तरी काकू भांडुपला गेल्या नाहीत. सरांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अख्ख्या विंगला पेढे वाटले. मला घरी बोलावून काकूंसमोर बसवलं आणि साक्षीदार ठेवून विचारलं, ‘आता सांग, माझा कुठला मुद्दा पटला? नाण्याचा की शेहेचाळीस टक्क्यांचा?’

काकू मटार सोलत होत्या. म्हणाल्या, ‘मुद्द्याचं काही नाही. आदल्या पाडव्याला ते म्हणाले होते, जूनपासून घरात शांतता नांदेल, यजमानांचं बोलणं कमी होईल. मी जून पाहिला, जुलै पाहिला, दिवाळीपर्यंत वाट पाहिली. इतकं धादांत खोटं सांगणाऱ्याला पैसे कशाला द्यायचे?’

म्हणजे अखेर सरांच्या युक्तिवादानेच काकूंची श्रद्धा बदलली होती. त्यातल्या मुद्द्यांनी नाही, लांबीने. मी सरांचं अभिनंदन करायला हात पुढे केला. पण सर उसळले होते. ‘अगं, असं कसं? एकाच भाकितावरून अख्ख्या ज्योतिषाविषयी निष्कर्ष काढायचा? ही काय पद्धत झाली? बिचाऱ्याला दुसरी संधी तरी द्यायची!’ आणि ज्योतिष्याच्या बाजूने त्यांनी जे सुरू केलं, ते मी निघालो तेव्हा संपलेलं नव्हतं. काकूंचे मटार संपले होते.